गव्हाचा चीक आणि कुरडई: बुधवारी भिजत घाला, रविवारी सकाळी वाटीत घ्या

कुरडई आजही विकत मिळते. मिळत नाही तो चीक, म्हणजे जो सोऱ्यातून पाडून कुरडई होते तो भिजवलेल्या गव्हाचा शिजवलेला पांढरा गर. शिजल्यावर तासाभरात तो आळतो, थंड झाला की रबरासारखा चिवट होतो, म्हणून तो पाकिटात घालून कुणी विकू शकत नाही. उन्हाळ्यात ज्या घरी कुरडया घालायच्या त्याच घरी, पातेलं चुलीवरून उतरल्या उतरल्या तो खायचा. मधोमध खळगा करून त्यात तेल, किंवा वरून दूध-साखर. घरोघरी कुरडया घालणं थांबलं आणि चीक ताटातून गेला, तो असा कुणाच्या लक्षातही न येता.

इथे गव्हाचा चीक म्हणायचं आहे. गाय-म्हैस व्यायल्यावरच्या दुधालाही चीकच म्हणतात आणि त्याचा खरवस होतो, पण ती गोष्ट वेगळी.

वाळवणाला गच्ची, आठवडाभर कडक ऊन आणि चार बायकांचे हात लागतात, हे दहा किलो गव्हासाठी खरं आहे. एक किलो गहू दोन माणसं, एक मिक्सर आणि दुपारपर्यंत ऊन येणारी बाल्कनी एवढ्यावर पार पडतो. त्याला चार दिवस लागतात, पण त्यातले तीन दिवस रोज पाच मिनिटांचं काम असतं. नोकरी करणाऱ्या घराला सोयीचा हिशेब असा: बुधवारी संध्याकाळी गहू भिजत घाला, गुरुवारी आणि शुक्रवारी पाणी बदला, शनिवारी संध्याकाळी वाटून चीक काढा, रात्रभर निवळू द्या, रविवारी सकाळी सहाला शिजवा. आठपर्यंत कुरडया उन्हात आणि चीक पोटात.

गहू कोणता

लोकवन उत्तम. गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं हे ‘लोक-१’ वाण. त्या एकाचं ‘वन’ झालं आणि बाजारात लोकवन हेच नाव रुळलं. दाणा टपोरा असतो, चीक भरपूर निघतो. सिहोरी गहूही चालतो. फाल्गुन-चैत्रात आलेला नवा गहू असेल तर फारच चांगलं.

दोन गोष्टी मात्र टाळा. साठवणीसाठी एरंडेल चोळलेला गहू घेऊ नका, तो वास चिकात उतरतो. आणि पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं चुकूनही स्वयंपाकात आणू नका. किडका, टोकलेला दाणा निवडून काढा. असा दाणा भिजताना आधी कुजतो आणि सगळ्या पाण्याला वास लावतो.

भिजवणं

एक किलो गहू तीन-चार पाण्यांतून चोळून धुवा. पाच लिटरच्या स्टीलच्या पातेल्यात घाला आणि गव्हाच्या वर चार बोटं पाणी राहील एवढं पाणी ओता. गहू फुगून जवळजवळ दुप्पट होतो. बिनकल्हईचं पितळ किंवा तांबं वापरू नका. पाणी आंबट होत जातं आणि आंबटाने धातू उतरतो.

दर चोवीस तासांनी सगळं पाणी ओतून टाका, गहू एकदा खळबळून धुवा, ताजं पाणी घाला. दुसऱ्या दिवसापासून वर फेस येईल, आंबूस वास येईल. घाबरू नका, तसं व्हायलाच हवं. या आंबण्यामुळे दाणा मऊ पडतो आणि गव्हातला चिवटपणा सैल होतो, म्हणून आतला पांढरा चीक कोंड्यापासून सुटा होऊन पाण्यात उतरतो. एका रात्रीत भिजवलेला गहू वाटला तर कणकेसारखा चिकट गोळा हाताला येतो आणि चीक त्यातच अडकून राहतो.

वास ताकासारखा आंबट असेल तर ठीक. कुजका, नाकात जाणारा वास आला किंवा वर गुलाबी, हिरवट बुरशी दिसली तर तो गहू टाकून द्या, धुऊन वाचवायला जाऊ नका. बहुतेक वेळा याला कारण एकच असतं: एका दिवशी पाणी बदलायचं राहून गेलेलं असतं.

तीन दिवस हा एप्रिलचा हिशेब. हवा थंड असेल तर चौथा दिवस लागतो. खरी परीक्षा बोटांची. एक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. पांढरं दूध टचकन बाहेर आलं आणि हातात नुसतं साल उरलं तर गहू तयार. मध्ये कडक कणी लागली तर अजून थांबा.

वाटणं आणि गाळणं

चीक चांगला की वाईट, ते इथे ठरतं.

पूर्वी पाटा-वरवंटा होता, मग हाताने फिरवायचं यंत्र आलं. मिक्सरची अडचण अशी की तो फार जोरात फिरतो. पातं साल बारीक चिरतं, तो बारीक कोंडा फडक्यातून खाली उतरतो आणि कुरडई तांबूस होते. म्हणून एका वेळी एकच वाटी गहू आणि एक वाटी पाणी घाला. मिक्सर सलग न चालवता तीन-चार वेळा थांबत थांबत फिरवा. एकूण दहा-पंधरा सेकंद पुरतात. साल फाटलं पाहिजे, त्याचं पीठ होता कामा नये. किलोभर गव्हाचे असे दहा-बारा घाणे होतात.

मोठ्या पातेल्यावर पिठाची चाळण ठेवा आणि वाटलेलं त्यात ओतून हाताने चोळा. चाळणीत राहिलेला चोथा दुसऱ्या भांड्यात दोन लिटर पाण्यात घालून, कपडा धुतल्यासारखा चुरगाळून पुन्हा गाळा. हेच एक-एक लिटर पाण्यात आणखी दोनदा करा. तिसऱ्या वेळी पाणी जेमतेम दुधट दिसेल. मग थांबा, त्यापुढे चोथा चोळून चीक मिळत नाही, नुसता कोंडा झडतो.

आता जमलेलं सगळं पाणी पातळ सुती फडक्यातून गाळा. जुनं धोतर किंवा पंचा सगळ्यात चांगला. फडकं हलवत राहा, हलक्या हाताने गोळा करा, पण शेवटी पीळ देऊ नका. पीळ दिला की फडक्यात अडकलेला चिकट, करडा भाग जोराने खाली उतरतो. त्या शेवटच्या पळीभर चिकापायी सगळं पातेलं मळकट होतं.

चोथा सिंकमध्ये ओतू नका. नळीत बसला की दगडासारखा घट्ट होतो. जवळ गोठा असेल तर गुरांना द्या, नाहीतर कुंडीतल्या खतात घाला.

निवळणं

पातेलं झाकून, अजिबात न हलवता, आठ-दहा तास ठेवा. ते उभट असेल तर बरं. पसरट पातेलं कलंडताना तळाचा चीक ढवळला जातो.

सकाळी वर पिवळसर-तपकिरी निवळ दिसेल. पातेलं एका बाजूला हळू कलंडवून ती ओतून टाका. खाली पांढरा चीक बसलेला असतो आणि त्याच्यावर बहुतेक वेळा एक पातळ, मळकट, बुळबुळीत थर असतो. तोही चमच्याने काढून टाका. कुरडया काळपट का झाल्या याचं निम्मं उत्तर या न काढलेल्या थरात असतं.

आंबटपणा कमी हवा असेल, कुरडई शुभ्र हवी असेल तर शनिवारी सकाळीच वाटून घ्या. दुपारी निवळ काढा, ताजं पाणी घालून चीक ढवळा आणि रात्री पुन्हा बसू द्या. दोनदा निवळलेला चीक दिसायला सुंदर होतो. पण दूध-साखरेबरोबर खायचा असेल तरच हा खटाटोप करावा. तेलाबरोबर खायच्या चिकाला ती आंबूस चव हवी, तिच्याविना तो मिळमिळीत लागतो.

तळाला बसलेल्या चिकात बोट घालून बघा. जोराने खुपसलं तर तो दगडासारखा अडवतो, हळू टेकवलं तर बोट आपोआप आत जातं. हा चीक हाताने सोडवून सैल करा, इडलीच्या पिठाएवढा. मग वाटीने मोजा. किलोभर गव्हाचा साधारण चार वाट्या निघतो, पण गहू, मिक्सर आणि चोळणारा हात यांवर तो कमी-जास्त होतो. म्हणून पुढचं सगळं प्रमाण मोजलेल्या चिकावर धरा, गव्हावर नाही.

शिजवणं

खायला चीक हवा असेल तर एक वाटी कच्चा चीक आधीच बाजूला काढा (त्याची कृती पुढे आहे) आणि उरलेल्यावर हे प्रमाण धरा. कुरडयांसाठी जेवढा चीक तेवढंच पाणी. चार वाट्या चिकाला चार वाट्या पाणी, दोन सपाट छोटे चमचे मीठ, अर्धा छोटा चमचा हिंग. शिजलेला चीक चाखला तर मीठ थोडं कमी वाटायला हवं. वाळल्यावर पाणी जातं, मीठ तिथेच राहतं, आणि आता बरोबर वाटणारी कुरडई तळल्यावर खारट लागते.

जाड बुडाचं, चार-पाच लिटरचं पातेलं घ्या. ढवळायला जागा हवी. पाण्याला मीठ-हिंग घालून खळखळून उकळी आणा, मग आच मंद करा. इथे दुसरा माणूस लागतोच. एकाने चीक तळापासून ढवळत बारीक धारेने ओतायचा, दुसऱ्याने लाकडी उलथन्याने किंवा लाटण्याने न थांबता घाटायचं.

पहिला अर्धा मिनिट काहीच होत नाही, पातळ दूधच दिसतं. मग अचानक उलथनं जड होतं. चीक साठ-पासष्ट अंशांच्या आसपास एकदम पाणी पितो आणि काही सेकंदांत घट्ट होतो. नेमका याच क्षणी हात थांबला तर गाठी होतात. गाठ म्हणजे बाहेरून शिजलेलं कवच आणि आत कोरडा कच्चा चीक. ती नंतर कितीही शिजवली तरी फुटत नाही. गाठी झाल्याच तर पातेलं ताबडतोब खाली उतरवा आणि रवीने किंवा लाटण्याने जोर लावून घोटा. पहिल्या मिनिटात त्या मोडतात, उशीर केला तर मोडत नाहीत.

सगळा चीक पडल्यावर आच मंदच ठेवा, झाकण घाला. पाच मिनिटांनी झाकण काढून तळापासून घाटा, पुन्हा झाका. असं तीन-चार वेळा. एकूण पंधरा-वीस मिनिटं लागतात. सुरुवातीचा खडूसारखा पांढरा रंग हळूहळू जातो, कडेने आधी, मग मध्ये. चीक काचेसारखा चमकायला लागतो, किंचित करडा आणि अर्धपारदर्शक दिसतो. उलथन्यावर घेतला की पांढरा ठिपका कुठे दिसता कामा नये. पाण्यात बुडवलेलं बोट वर टेकवा. चीक बोटाला लागला नाही तर शिजला.

कच्चा चीक ही सर्वांत मोठी चूक. तो सोऱ्यातून नीट पडतो, वाळतोही, म्हणून चूक लगेच कळत नाही. कळते ती आठ दिवसांनी, डब्यातल्या कुरडया हात लावताच चुरा होतात तेव्हा, किंवा तेलात टाकल्यावर फुलत नाहीत तेव्हा.

आता खायचा

आधी चीक खा, कुरडया नंतर. पण कुरडयांचा चीक घट्ट असतो, खायला जरा सैल हवा. म्हणून आधी बाजूला काढलेली एक वाटी चीक दीड ते दोन वाट्या पाण्यात वेगळा शिजवा. उकळत्या पाण्यात मिठाबरोबर पाव चमचा जिरं घातलं तर छान. दूध-साखरेबरोबर खायचा असेल तर हिंग आणि जिरं दोन्ही वगळा, मीठ चिमूटभरच.

वाटीत गरम चीक घ्या, चमच्याच्या पाठीने मध्ये खळगा करा आणि त्यात कच्चं शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल सोडा. घाण्याचं तेल असेल तर त्याच्या वासानेच वाटी भरते. कडेकडेने चीक उचलायचा, तेलाला टेकवायचा आणि तोंडात टाकायचा. रिफाइंड तेल इथे उपयोगाचं नाही. त्याला वासच नाही, आणि या पदार्थात तेल हीच चव आहे. साजूक तूप आणि गूळ हा दुसरा मार्ग. दूध-साखर मुलांना आवडते. दूध गार घातलं तर चीक लगेच घट्ट होतो, म्हणून कोमट घाला.

चीक पोटाला जड असतो. एक वाटी पुरे. आणि तो गव्हाचाच असल्यामुळे ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी खाऊ नये, एवढं धुऊनही त्यातला चिवट भाग पूर्ण जात नाही.

नुसता चीकच खायचा आहे, कुरडया घालायच्याच नाहीत, तर बारीक रव्याचा आडमार्ग आहे. दोन वाट्या रवा दोन दिवस पाण्यात, पाणी रोज बदलायचं, मग भरपूर पाण्यात चोळून फडक्यातून गाळायचा आणि तसाच निवळायचा. वास तितका खुलत नाही, पण परगावी, परदेशी राहणाऱ्याला वाटीभर चीक यातूनही मिळतो.

कुरडया घालणं

सोऱ्याला आतून पाण्याचा हात लावा. चकती मध्यम शेवेची, साधारण दोन मिलिमीटर भोकांची. फार बारीक घेतली तर कुरडई डब्यात मोडते, जाड घेतली तर तळताना आत कच्ची राहते आणि दाताला टोचते.

चीक गरम असतानाच घालायचा. लागेल तेवढाच काढा, बाकीचं पातेलं झाकून गरम पाण्याच्या परातीत ठेवा. गार झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही, तार तुटते. जाड प्लास्टिकच्या कागदावर बाहेरून आत किंवा आतून बाहेर गोल फिरवत तीन-चार इंचांची कुरडई घाला. तारा एकमेकींवर दोन थरांपेक्षा जास्त चढवू नका. जाड पुंजका झाला की तो आतून वाळत नाही आणि तिथेच बुरशी येते. तारा एकमेकींत विरघळून सपाट होत असतील तर पाणी जास्त झालं आहे. चीक पुन्हा आचेवर ठेवून पाच मिनिटं झाकण न घालता घाटा. तार चिरत, तुटत असेल तर पाणी कमी पडलं. उकळत्या पाण्याचे दोन-तीन चमचे घालून घोटा.

संध्याकाळपर्यंत वरची बाजू कोरडी होते. तेव्हा कुरडई कागदावरून अलगद सुटली तरच उलटा. चिकटली असेल तर ओढू नका, दुसऱ्या दिवशी उन्हं चढली की ती आपणहून सुटते. रात्री घरात आणून पंख्याखाली पसरा. कडक उन्हात दोन दिवस, बाल्कनीतल्या चार-पाच तासांच्या उन्हात तीन ते चार दिवस लागतात. कोकणात आणि मुंबईत हे काम मेच्या मध्यापूर्वी उरका, त्यानंतर हवेत ओल येते. ऊनच नसेल तर ओव्हन सर्वांत कमी आचेवर, दार किंचित उघडं ठेवून. मात्र तारा पातळच घाला.

वाळलेली कुरडई मोडताना कट्कन आवाज करते. वाकली तर ओल आहे. अशी एक जरी डब्यात गेली तरी सगळा डबा खराब होतो. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि पावसाळ्याआधी एकदा ऊन दाखवा. वर्षभर टिकतात.

तळणं, आणि चुऱ्याची भाजी

तेल चांगलं तापलं पाहिजे. तारेचा तुकडा टाकल्यावर तो लगेच वर आला की कुरडई सोडा, झाऱ्याने हलकेच दाबा, एकदा उलटा आणि काढा. सगळं चार-पाच सेकंदांत व्हायला हवं. तेल कोमट असेल तर मधला भाग कडक राहतो, धूर येईतो तापलं तर कुरडई लाल होते. एका वेळी एकच घाला, ती दुपटीहून जास्त फुलते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात पुरणपोळी-आमरसाच्या ताटात आणि लग्नाच्या रुखवतात हिचा मान असतो. विदर्भाकडे हिलाच कुरोडी म्हणतात.

डब्याच्या तळाशी चुरा उरतोच. तो टाकू नका. दोन वाट्या चुरा किंवा पाच-सहा कुरडया गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि चाळणीत निथळा. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि एक मोठा चिरलेला कांदा परता. हळद घाला, कुरडई घाला, हलक्या हाताने वर-खाली करा. मीठ आधी चाखून मगच घाला, कुरडईत ते आहेच. झाकण ठेवून तीन मिनिटं वाफ, मग दोन चमचे दाण्याचं कूट आणि कोथिंबीर. जास्त वेळ ठेवली तर तारा विरघळून लगदा होतो, म्हणून भाकरी तव्यावर टाकली की मगच ही भाजी फोडणीला घाला.